सही कुणाची? बोर्ड, ट्रान्सफर आणि मॅनेजरची खुर्ची

प्रश्न दोन भागांचा आहे. फुटबॉल क्लबात खेळाडू घ्यायचा, विकायचा आणि मॅनेजर (संघ खेळवणारा मुख्य माणूस) बदलायचा निर्णय खरोखर कोण घेतं, मालकांचं बोर्ड की फुटबॉल जाणणारी माणसं? आणि एखादा मॅनेजर पत्रकारांसमोर ‘मला हवा तो खेळाडू मिळाला नाही’ म्हणतो, तेव्हा ते कितपत खरं मानायचं?

पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे. पैशाचा निर्णय बोर्डच घेतं. सगळ्या क्लबांत, सगळ्या काळात. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या मँचेस्टर युनायटेडमध्येही चेकवर सही त्यांची नव्हती. त्यामुळे ‘बोर्ड ढवळाढवळ करतं’ या तक्रारीतून फारसं काही कळत नाही. विचारायचं ते असं: कुठल्या कागदावर कुणाची सही लागते, त्या माणसाला किती रकमेपर्यंत अधिकार आहे, आणि हे कुठे लिहून ठेवलंय का? क्लबांची जी मोठी फजिती होते ती बहुतेक वेळा चुकीचा खेळाडू निवडल्याने होत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरं आत बसलेल्या लोकांनाच ठाऊक नसल्याने होते.

आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण ब्लॅकबर्न रोव्हर्सचं. १९९५मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब पुण्याच्या वेंकीज या पोल्ट्री समूहाने नोव्हेंबर २०१०मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. महिना व्हायच्या आत, १३ डिसेंबरला, मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे आग लागलेली नव्हती. त्यांच्या जागी आले संघाचेच प्रशिक्षक स्टीव्ह कीन. क्लबच्या खरेदीत मालकांना ज्या एजंटाचा सल्ला होता, कीन हे त्याच एजंटाचे अशील होते. यात बेकायदा काहीच नाही. पण फुटबॉल नवीन असलेल्या मालकाने पहिला सल्ला कुणाकडून घ्यावा, तर ज्याला त्या सल्ल्यातून काहीच मिळणार नाही अशा माणसाकडून, एवढं तरी व्यापारातल्या माणसाला सांगायला नको. फेब्रुवारी २०११मध्ये जुने चेअरमन जॉन विल्यम्स गेले आणि क्लबची घडी माहीत असलेलं डोकं गेलं. मे २०१२मध्ये संघ खालच्या विभागात उतरला. ज्या सामन्यात ते नक्की झालं त्यात चाहत्यांनी क्लबचा झेंडा बांधलेली कोंबडी मैदानात सोडली होती. पोल्ट्रीवाल्यांना उद्देशून इतका थेट निषेध दुसरा झाला नसेल.

खरा धडा मात्र त्यानंतरचा आहे. ३१ ऑक्टोबर २०१२ला हेनिंग बर्ग मॅनेजर झाले. करार जून २०१५पर्यंतचा. ५७ दिवसांनी त्यांना काढलं. करारात कलम असं होतं की क्लब केव्हाही करार संपवू शकतो, पण उरलेल्या मुदतीचा मूळ पगार एकरकमी द्यायचा. रक्कम झाली साडेबावीस लाख पौंड. क्लबने न्यायालयात आधी देणं मान्य केलं आणि मग मान्यता मागे घ्यायला परवानगी मागितली. कारण काय दिलं, तर हा करार करणाऱ्या मॅनेजिंग डायरेक्टरला असं कलम मान्य करण्याचा अधिकारच मालकांनी दिला नव्हता! २०१३मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने हे ऐकलं नाही आणि पूर्ण रक्कम द्यायला लावली. बाहेरच्या माणसाने तुमच्या मॅनेजिंग डायरेक्टरच्या सहीवर विश्वास ठेवला तर तुमच्या घरातलं भांडण ही त्याची डोकेदुखी नसते. पुढचे मॅनेजर मायकल ॲपलटन ६७ दिवस टिकले. त्यांना काढणारं पत्र ‘जागतिक सल्लागार’ या पदावरच्या माणसाकडून आलं. एकाच क्लबात मॅनेजिंग डायरेक्टर, जागतिक सल्लागार आणि हजारो मैलांवर मालक असे तीन अधिकार असले की मॅनेजरला नेमकं कुणाला विचारायचं तेच कळत नाही.

आता नीट चाललेल्या क्लबात एका खेळाडूचा व्यवहार कसा पुढे सरकतो ते बघू, म्हणजे घोडं कुठे अडतं ते दिसेल.

सुरुवात नावाने होत नाही, जागेने होते. संघातल्या प्रत्येक जागेसाठी कोण आहे, त्याचं वय किती, करार कधी संपतो, याचा तक्ता स्पोर्टिंग डायरेक्टरकडे (खेळाडूंची खरेदी-विक्री बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) असतो. करार संपायला दोन वर्षं राहिली की एकतर वाढवायचा, नाहीतर विकायचा. एक वर्ष राहिलं की विकणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी भरती विभाग तीन-चार नावं काढतो. मॅनेजरचं काम इथे जागेचं वर्णन देण्याचं: डाव्या पायाचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) हवा, मागची रेषा वर ठेवायची आहे म्हणून वेगवान हवा. यादी आल्यावर त्यातलं कुठलं नाव त्याला अजिबात चालणार नाही, हेही त्याने सांगायचं.

बोर्ड येतं ते रकमेला. शहाणं बोर्ड प्रत्येक विंडोआधी (खेळाडू घेण्या-विकण्याच्या ठरलेल्या मुदतीआधी) दोन आकडे मंजूर करतं, ट्रान्सफर फीचा आणि वार्षिक पगाराचा. पेपरात पहिला छापून येतो, क्लबाला बुडवतो दुसरा. फी एकदाची देऊन होते, तीही बहुतेक वेळा तीन-चार वार्षिक हप्त्यांत. पगार मात्र सतत जात राहतो आणि एका खेळाडूला वाढवून दिला की बाकीच्यांचे एजंट दुसऱ्या दिवशी दारात उभे. त्यामुळे मॅनेजरला ‘सहा कोटी आहेत’ असं सांगितलं आणि पगाराचा आकडा सांगितलाच नाही, तर तो सहा कोटींचा खेळाडू निवडतो आणि करार पगारावर मोडतो. मग दोन्ही बाजूंना आपण फसवले गेलो असं वाटतं.

त्यानंतर दोन क्लबांमधली बोलणी. मूळ रक्कम किती, हप्ते किती, सामन्यांच्या संख्येवर किंवा यशावर वाढीव रक्कम किती, पुढे विकला तर जुन्या क्लबाला किती टक्के. मग खेळाडूचा करार: पगार, एजंटाची रक्कम, रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम आली की खेळाडू सोडायचा, हे कलम), संघ खाली उतरला तर पगारात कपात. हे शेवटचं कलम विसरणारे क्लब खाली उतरल्यावर वर्षभरात गळ्यापर्यंत बुडतात. मग वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी कागद. परदेशी व्यवहार असेल तर फिफाच्या संगणक प्रणालीत दोन्ही क्लबांनी टाकलेला तपशील तंतोतंत जुळावा लागतो. इंग्लंडमध्ये शेवटच्या दिवशी रात्री ११ला विंडो बंद होत असेल तर त्याआधी डील शीट (व्यवहार ठरल्याचा कागद) पाठवून ठेवावी लागते, मगच उरलेल्या कागदांना दोन तासांची सवलत मिळते.

हा कागदाचा टप्पा फालतू वाटतो. पण ब्लॅकबर्नलाच विचारा. ३१ जानेवारी २०२३ला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुइस ओब्रायन ठरला होता, खेळाडू तयार, दोन्ही क्लब तयार. कागद वेळेत गेले नाहीत, नोंदणी नाकारली गेली, अपिलातही हरले. पुढच्याच वर्षी त्याच दिवसांत अमेरिकेचा स्ट्रायकर डंकन मॅग्वायर इंग्लंडला येऊन पोहोचला आणि कागदपत्रांतल्या चुकीपायी परत गेला. मॅनेजर, भरती विभाग, बोर्ड या सगळ्यांनी होकार दिल्यावरही व्यवहार बुडू शकतो, कारण होकार फार उशिरा येतो. आणि तो उशिरा का येतो, तर बऱ्याचदा वरची मंजुरीच उशिरा मिळते म्हणून. मालक दूर असला, दर रकमेला त्याला विचारावं लागत असेल, तर विंडोच्या शेवटच्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. उपाय साधा आहे: विंडो उघडायच्या आधीच अमुक रकमेपर्यंत सीईओने विचारायची गरज नाही असा ठराव करून ठेवायचा.

वेंकीजच्या बाबतीत यात आणखी एक गाठ आहे. २०२३पासून भारतातून क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि बँक हमी द्यावी लागली. मालकाची तिजोरी भरलेली असून उपयोग नव्हता, ती उघडायला न्यायाधीशाची तारीख लागायची. अशा वेळी क्लबाला आपल्याच घरातलं काही विकून दिवस काढावे लागतात. फेब्रुवारी २०२४च्या पहिल्या तारखेला लहानपणापासून तिथेच घडलेला ॲडम व्हार्टन १ कोटी ८० लाख पौंड आणि वरची वाढीव रक्कम घेऊन क्रिस्टल पॅलेसला गेला. त्याच महिन्यात मॅनेजर योन दाल तोमासन यांनीही क्लब सोडला.

व्हार्टनच का विकला जातो, नको असलेला खेळाडू का नाही? इथे हिशोबाची वही उघडावी लागते. बोर्डाचं वागणं चाहत्यांना विचित्र वाटतं त्यातलं निम्मं इथे उलगडतं.

विकत घेतलेल्या खेळाडूची फी त्याच वर्षी खर्चात पडत नाही. कारखान्यातल्या यंत्राचा घसारा जसा वर्षांवर वाटतात, तशी ती कराराच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकतात. ६ कोटी पौंडांना घेतला, करार पाच वर्षांचा, तर वर्षाला १ कोटी २० लाख. आठवड्याला दीड लाख पगार म्हणजे वर्षाला ७८ लाख. म्हणजे त्या एका माणसाचा वर्षाचा भार १ कोटी ९८ लाख पौंड. तीन वर्षं गेली की त्याची पुस्तकी किंमत उरते २ कोटी ४० लाख. तो चालला नाही आणि बाजारात फक्त दीड कोटी मिळत असतील, तर विकल्याक्षणी त्या वर्षाच्या वहीत ९० लाखांचा तोटा पडतो. मॅनेजर म्हणतो, मला हा नको, विका. बोर्ड म्हणतं, लोनवर (काही काळ दुसऱ्या क्लबाला उसना) पाठवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

अकादमीत घडलेल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य. त्याचे आलेले सगळे पैसे नफा. प्रीमियर लीगच्या २०१०च्या दशकातल्या नियमांनी तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंतच तोटा चालवून घेतला. खालच्या चॅम्पियनशिपमध्ये हीच मर्यादा ३ कोटी ९० लाख होती. अकादमी, महिला संघ, स्टेडियम यांवरचा खर्च त्यात धरत नसत. या चौकटीत स्थानिक पोरगा हा क्लबातला सर्वांत सोपा नफा होऊन बसला. चाहत्यांना जो सर्वांत जवळचा तोच आधी विकला जातो. या नियमाचा हा परिणाम वाईट आहे, यावर आता फारसं कुणी वाद घालत नाही.

त्यात हिशोबाचं वर्ष बहुतेक क्लबांचं ३० जूनला संपतं. जून २०२४च्या शेवटच्या दिवसांत न्यूकॅसलने एलियट अँडरसनला फॉरेस्टकडे आणि यांकुबा मिंतेला ब्रायटनकडे दिलं ते यासाठीच. अँडरसन तिथल्याच अकादमीचा. मॅनेजर एडी हाउ यांना तो विकायचा नव्हता हे त्यांनी लपवलं नाही. पण महिनाभर थांबले असते तर तोटा मर्यादेबाहेर जाऊन गुण कापले जायची भीती होती.

थांबल्यावर काय होतं ते फॉरेस्टला विचारा. ब्रेनन जॉन्सन हाही त्यांच्याच अकादमीचा. ३० जून २०२३च्या आधी विकला असता तर रक्कम त्या वर्षाच्या हिशोबात आली असती. बोर्डाला वाटलं, घाई केली तर पडत्या भावात जाईल. त्यांनी थांबून १ सप्टेंबरला टॉटनहॅमला सुमारे ४ कोटी ७५ लाखांना विकला. व्यापार म्हणून निर्णय चांगलाच. पण वर्ष उलटलं होतं. त्यांची मर्यादा ६ कोटी १० लाखांची होती (तीनपैकी दोन वर्षं ते खालच्या विभागात होते), तोटा तिच्यावर ३ कोटी ४५ लाखांनी गेला. मार्च २०२४मध्ये चार गुण कापले. चौकशी करणाऱ्या आयोगापुढे त्यांनी ‘आम्ही जास्त भाव मिळवला’ हेच सांगितलं आणि आयोगाने ते कारण मानलं नाही. या निर्णयात मॅनेजरचा काडीचा संबंध नव्हता. गुण मात्र त्याच्या संघाचे गेले.

चेल्सीने २०२२नंतर दुसरी वाट काढली: करारच लांब करायचे. एन्झो फर्नांडेझ सुमारे १० कोटी ६८ लाखांना साडेआठ वर्षांच्या करारावर आला. भागाकार करून बघा, वर्षाला साधारण सव्वा कोटी. पाच वर्षांचा करार असता तर २ कोटी १४ लाखांच्या आसपास. आधी युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) आणि डिसेंबर २०२३मध्ये प्रीमियर लीगने नव्या खेळाडूंसाठी ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. पण मॅनेजरच्या खुर्चीवर याचा परिणाम काय, हे कमी बोललं जातं. बोर्डाने खेळाडू आठ वर्षांसाठी घेतलाय. मॅनेजर दोन वर्षं टिकला तरी पुष्कळ. मग दोघांचं पटलं नाही तर कोण जाणार? अशा क्लबात नोकरी घेणाऱ्या प्रशिक्षकाने संघ हा आधीपासून मांडलेला संसार आहे असं समजूनच यावं.

आता नकाराधिकाराकडे, कारण दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. मॅनेजरला अंतिम शब्द असतो का? करारात लिहिलं असेल तर असतो. दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

केव्हिन कीगन जानेवारी २००८मध्ये न्यूकॅसलला परतले. काही दिवसांतच त्यांच्या वर डेनिस वाइज यांना फुटबॉलचं कार्यकारी संचालकपद मिळालं. ऑगस्टच्या शेवटी इग्नासिओ गोन्झालेझ नावाचा उरुग्वेचा खेळाडू लोनवर आला. कीगन यांनी त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. यूट्यूबवर बघा, असं त्यांना सुचवण्यात आलं. त्यांनी स्पष्ट नकार दिला, तरी करार झाला. कारण लवादापुढे बाहेर आलं: दक्षिण अमेरिकेतल्या दोन एजंटांवर उपकार करून ठेवायचे होते, पुढेमागे चांगले खेळाडू आधी आपल्याला दाखवतील म्हणून. कीगन यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला राजीनामा दिला. पुढच्या वर्षी लवादाने त्यांच्या बाजूने कौल देऊन २० लाख पौंड भरपाई ठरवली. सुनावणीत क्लबची बाजू अशी होती की अंतिम शब्द कीगन यांचा, असं आम्ही पत्रकारांना सांगत होतो खरं, पण ते नुसतं जनसंपर्कासाठी होतं! स्वतःच्याच जाहीर निवेदनांना खोटं म्हणून क्लब सुटायला बघतोय, हे दृश्य लवादालाही पचलं नाही.

त्याच आठवड्यात लंडनमध्ये ॲलन कर्बिशली यांनी वेस्ट हॅम सोडलं. अँटन फर्डिनंड आणि जॉर्ज मॅकार्टनी त्यांच्या मनाविरुद्ध संडरलंडला विकले गेले होते. त्यांच्या करारात खेळाडू घेण्या-विकण्यात अंतिम निवड त्यांची असेल हे कलमच होतं. २००९मध्ये तेही जिंकले. कीगन यांना जे तोंडी आश्वासनांवरून आणि परिस्थितीवरून सिद्ध करावं लागलं, ते कर्बिशली यांना एका कलमाने मिळवून दिलं. वकिलाची फी वाचवू नये ती अशा वेळी.

त्यानंतर क्लबांनी काय केलं? कलम काढून टाकलं आणि पदाचं नाव बदललं. आज बहुतेक ठिकाणी नेमणूक ‘मॅनेजर’ची नसते, ‘हेड कोच’ची असते. हा शब्दांचा खेळ नाही. हेड कोच प्रशिक्षण आणि निवड बघतो, भरतीत त्याचं मत विचारात घेतात. आर्सेनलने मिकेल आर्टेटा यांना हेड कोच म्हणून आणलं आणि सप्टेंबर २०२०मध्ये मॅनेजर केलं, तेव्हा भरतीतलं त्यांचं वजन वाढलंय हे त्या एका शब्दावरून कळत होतं.

अधिकार कमी केला म्हणजे संघ बिघडतो असंही नाही. लिव्हरपूलमध्ये ब्रेंडन रॉजर्स यांच्या काळात ट्रान्सफर समिती होती आणि ती बदनाम झाली, कारण ती निम्मी-निम्मी वाटणी करायची. २०१५च्या उन्हाळ्यात फिर्मिनो समितीच्या पसंतीचा आणि बेंटेके मॅनेजरच्या, असे दोन वेगळ्या पद्धतींचे स्ट्रायकर आले. दोन स्वयंपाकी, एकच भाजी, दोघांनी मीठ घातलं. ऑक्टोबरमध्ये रॉजर्स गेले. समितीतलेच मायकल एडवर्ड्स पुढे स्पोर्टिंग डायरेक्टर झाले आणि माणसं जवळपास तीच असताना पद्धत चालली. फरक एवढाच की आता यादी एक होती आणि वाद तिच्यावरच व्हायचा. २०१७मध्ये भरतीवाल्यांनी सलाह या खेळाडूसाठी आपल्यामागे धोशा लावला होता, हे युर्गन क्लॉप यांनी स्वतःच सांगितलं आहे. क्लॉप यांनी ऐकलं, आणि ऐकलं नसतं तर सलाह आला नसता, म्हणजे नकाराधिकार होता. तो वापरायची वेळ येऊ दिली नाही.

याउलट मँचेस्टर युनायटेडने २०१३मध्ये एकाच उन्हाळ्यात फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल दोघांनाही जाऊ दिलं. खेळाडू ओळखणारा गेला आणि सौदा करणाराही गेला. नवे मॅनेजर डेव्हिड मॉइस, सौद्याला नवे एड वुडवर्ड. मॉइस यांना आपल्या जुन्या क्लबातला फेलाइनी हवा होता. त्याचा रिलीज क्लॉज २ कोटी ३५ लाखांचा, जुलैअखेरपर्यंत लागू. तो तसाच जाऊ दिला आणि शेवटच्या दिवशी त्याच खेळाडूला २ कोटी ७५ लाख मोजले. वराती मागून घोडं, तेही ४० लाख जास्त देऊन.

मॅनेजर काढण्याच्या बाजूला मी थोडक्यात जातो, कारण तिथलं गणित सोपं आहे आणि तरी दरवर्षी चुकतं. खर्चाचे तीन भाग: जाणाऱ्याचा उरलेला पगार किंवा ठरलेली रक्कम, त्याच्याबरोबर जाणाऱ्या चार-पाच सहाय्यकांचा पगार, आणि येणारा दुसरीकडे नोकरीत असेल तर त्याच्या क्लबाला भरपाई. त्याशिवाय न दिसणारा चौथा भाग म्हणजे जुन्याच्या पद्धतीला शोभणारे, नव्याला नको असलेले खेळाडू. म्हणून बदलायचं तर विंडोच्या आधी बदलावं. चेल्सीने २०२२मध्ये थॉमस टुखेल यांना पूर्ण उन्हाळा खरेदी करू दिली, १ सप्टेंबरला विंडो बंद झाली आणि ७ सप्टेंबरला त्यांना काढलं. ग्रॅहम पॉटर आणि त्यांच्या माणसांसाठी ब्रायटनला दोन कोटी पौंडांच्या वर दिले, आणि एप्रिलमध्ये पॉटरही गेले. युनायटेडने जुलै २०२४मध्ये एरिक टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरच्या २८ तारखेला त्यांना काढलं. जुलैमध्येच आलेले स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थ डिसेंबरात गेले. या सगळ्यांचा मिळून १ कोटी ४५ लाख पौंडांचा खर्च क्लबच्या हिशोबात नोंदला गेला. करार वाढवायचा निर्णय त्या वेळी पुढे ढकलला असता तर यातला मोठा भाग वाचला असता.

घरच्या मैदानावरही हे बघायला मिळालं आहे. २०२०च्या सुरुवातीला एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या तक्त्याच्या वरच्या टोकाला होता, साखळीचे तीन सामने उरले होते, आणि क्लबने सर्जिओ लोबेरा यांच्याशी फारकत घेतली. क्लिफर्ड मिरांडा यांनी ते तिन्ही सामने जिंकून दिले आणि लीग शील्ड (साखळीत अव्वल येणाऱ्याचा मान) गोव्याला आली. बोर्डाचा निर्णय खरा ठरला म्हणायचं का? पुढच्या मोसमात लोबेरा मुंबई सिटीला गेले, जिथे २०१९च्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला होता. पाठोपाठ गोव्याचे जाहू, फॉल, बुमूस आणि मंदार राव देसाई मुंबईत दाखल झाले, आणि मुंबईने त्या मोसमात शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही घेतल्या. प्रशिक्षक काढताना कोणते खेळाडू त्याच्या शब्दावर क्लबात आहेत आणि त्यांचे करार कधी संपतात, ही यादी आधी टेबलावर हवी.

आता राहिला दुसरा प्रश्न. मॅनेजरची तक्रार ऐकली की आधी तो नाव घेतो की जागा, ते बघायचं. ‘मला सेंटर बॅक हवा होता’ ही तक्रार बहुधा खरी असते. ‘मला अमुकच हवा होता’ म्हणणाऱ्याला यादीतली बाकीची नावं दाखवली गेली असतील आणि त्याने ती नाकारली असतील, अशी दाट शक्यता असते. मग पद बघायचं, हेड कोच की मॅनेजर. मग तारीख: जूनच्या अखेरीस विक्री झाली असेल तर कारण हिशोबाच्या वहीत शोधायचं, मैदानावर नाही. मग त्या वर्षी सीईओ किंवा स्पोर्टिंग डायरेक्टर बदलला का ते बघायचं, कारण नवा माणूस जुन्याची यादी बाजूला ठेवतो आणि त्यात एक विंडो फुकट जाते.

या कसोट्यांवर सर्वांत स्वच्छ उतरणारी तक्रार टॉटनहॅमच्या मॉरिसिओ पोचेटिनो यांची. २०१८च्या उन्हाळ्यात, नव्या स्टेडियमचं काम डोक्यावर असताना, क्लबने एकही खेळाडू घेतला नाही. विंडोची पद्धत आल्यापासून उन्हाळ्यात असं करणारा तो प्रीमियर लीगमधला पहिला क्लब. जानेवारीतही कुणी आलं नाही. आधी घेतलेल्या ल्युकास मोरानंतर पुढचा खेळाडू यायला ५१७ दिवस गेले. त्याच संघाला घेऊन ते जून २०१९मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना काढण्यात आलं.